हीटरचा दिवा

मंडळाची बत्तीस माणसं रेल्वेने जातील आणि त्यांचा संसार पिकअपमधून जाईल, असा ठराव मंजूर झाला. संसाराबरोबर कोण जाणार हा विषय निघाला, तेव्हा मी चहाचं सांगायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर बिनविरोध निवडून आलो होतो.

जायचं होतं पंढरपुराहून घुमानला. पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात हे गाव आहे. नामदेव महाराजांनी उतारवयातली बरीच वर्षं तिथे काढली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि २०१५ साली आपलं साहित्य संमेलनही त्याच गावी भरलं होतं. रस्ता तसा सोपा. सोलापुरात ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा आणि सोडायचा नाही. बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत तो थेट पंजाबात संगरूरला नेऊन घालतो. घुमानपर्यंत एकूण दोन हजारांहून थोडे जास्तच किलोमीटर. सातशे वर्षांपूर्वी महाराज इतक्या लांब गेले तेव्हा त्यांच्याजवळ स्टेपनी नव्हती. आम्हाला मात्र एक पुरायची नाही, दोन लागतील, असं पुतण्याचं म्हणणं पडलं.

पिकअप पुतण्याची. जुनी आणि डिझेलवरची. सांगोल्याची डाळिंबं सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचवायची, यापलीकडे तिने फारसं जग पाहिलेलं नाही. म्हणून आधी तिला मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने इंजिन चालू करायला लावलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी आपसूक आवाज खाली आणला. आमचे बुवा पखवाज जुळवताना असेच दिसतात.

"गुरुजी," मिस्त्री डोळे उघडून म्हणाला, "इंजिन चांगलंय. बोलतंय जास्त, पण खोटं बोलत नाही."

मग त्याने मला डिझेलचा स्वभाव समजावला. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. प्लगने ठिणगी टाकली की भडका. डिझेलला ठिणगी नाही. इथे आतली हवाच वीसेक पट दाबतात. दाबली की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि अशा तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. मला हे चटकन कळलं. आमच्या घराण्यात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. थोरले बंधू पेट्रोलचे. आमची आत्या डिझेलवरची: तिला कुणी काही बोलावं लागत नाही, आतल्या आत दाब वाढत जातो.

त्यानंतर मिस्त्री डिझेल फिल्टरकडे वळला. फिल्टरच्या तळाशी एक छोटी चावी असते. त्याने तिच्याखाली पाण्याची रिकामी बाटली धरली आणि चावी सैल केली. आधी गढूळ पाणी आलं आणि मग पिवळसर डिझेल. बाटली उन्हात धरली तर खाली पाणी, वर डिझेल, मधे नजरेत भरणारी रेघ. "टाकीत वाफ धरते, तिचं होतं हे," मिस्त्री म्हणाला. "हे नोझलपर्यंत गेलं असतं तर मग रस्त्यात भजन." फिल्टर नवा बसवल्यावर गाडी चालू होईना. तिने एअर धरली होती. मिस्त्रीने हातपंप दाबून दाबून नळीतली हवा बाहेर काढली. आधी फेस आला, मग सरळ धार. आत्याला वात धरल्यावर ओवा देतात, त्यातलाच प्रकार.

गाडीला काय लागतं, याची यादी वहीच्या अर्ध्या पानात बसली. ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट, जादा फिल्टर, चार बल्ब, फ्यूज, दोरखंड, टायरमध्ये मालाप्रमाणे हवा. धुक्यासाठी पिवळे दिवे. शिवाय परमिट, विमा, पीयूसी. संपलं.

माणसांना काय लागतं, याची यादी मात्र अकरा पानं झाली.

खजिनदारांनी थंडीचा प्रश्न काढला. डिझेल गोठतं म्हणे! गोठतं खरं. त्यात मेणासारखा अंश असतो, तो कडक थंडीत घट्ट होतो; हिवाळ्यात खोबरेलाची बाटली होते तसं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. पण घुमान काही लडाखात नाही, हे पटवण्यात एक संध्याकाळ गेली. तरी त्यांनी टाकीवर घालायला घोंगडं दिलंच.

स्वयंपाकाच्या मावशींनी पंधरा किलोचा शेंगतेलाचा डबा चढवला. तिकडे मोहरीच्या तेलात भजी तळतात, ही त्यांना दुखवट्याची बातमी वाटत होती. मी म्हटलं, "मावशी, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं." त्यांनी डबा उचलून केबिनमध्ये, माझ्या पायाशी आणून ठेवला. "मग याच्याकडे लक्ष ठेवा," म्हणाल्या. "तो पोरगा माझं तेल गाडीत ओतेल."

शेवटी गहू आला. दोन पोती. पंजाबला न्यायला.

"तिकडचा गहू मानवला नाही तर?" खजिनदार म्हणाले. रेशनवर आयुष्यभर जो खाल्ला त्यातला पुष्कळसा कुठून आला, हे सांगायचं मी टाळलं.

निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्री सहज डोकावला आणि गाडीच्या मागे उकिडवा बसला. स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले होते. "वर काय आहे?" त्याने विचारलं. ताडपत्री उचलून पाहिलं, तर हौद्यात अगदी तळाला मावशींचा पाटा-वरवंटा. पाट्यांवर पाटा! वजनकाट्यावर नेली तेव्हा दोनशे किलो जास्त भरली. गहू उतरला, तीन पिंपं उतरली, घोंगडं उतरलं. पाटा उतरताना मावशी तिथे थांबल्या नाहीत.

पहाटे चारला नारळ फुटला. झाडून सगळे निरोपाला आले होते. पुतण्याने किल्ली अर्धी फिरवली आणि समोरच्या काचेत चकलीसारखी खूण असलेला पिवळा दिवा लागला. तो हीटरचा. थंडीत आधी आतली हवा गरम करून घ्यायची, दिवा विझला की मग स्टार्टर. पण बत्तीस जणांना हे कोण सांगणार? त्यांनी 'पुंडलिक वरदे'चा गजर केला, टाळ वाजले, हात हलले. गाडी जागची हलली नाही. गजर विरला. काय करावं कुणाला कळेना.

"बंद पडली का रे?" खजिनदार.

"थांबा की जरा," अंधारातून आत्याचा आवाज आला. "देव अठ्ठावीस युगं विटेवर उभाय. तुम्हाला एवढंसं जड झालं?"

दिवा विझला. इंजिन एकदा खोकलं आणि बोलू लागलं. दुसरा गजर पहिल्यापेक्षा मोठा झाला.

वेशीजवळच्या गतिरोधकावर पायाशी काहीतरी घरंगळलं आणि माझ्या घोट्यावर आदळलं. तेलाचा डबा जागच्या जागी होता. खाली वाकून चाचपलं.

वरवंटा.