क्लच दाबतंय कोण?

आमच्या घरी आलेली मोठी गाडी ऑटोमॅटिक आहे, हे लोणंदमध्ये बाजारपेठेपासून स्टेशनापर्यंत सगळ्यांना कळलं. पण ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती, हे घरात कुणालाच सांगता येईना. गाडी पुण्याहून जुनी घेतलेली. विकणाऱ्याने "पाय ठेवा आणि निघा" एवढाच उपदेश करून किल्ली हातात दिली होती. आरसी बुकात इंजिनाचा नंबर होता, चॅसीचा होता, रंग, इंधन, माणसं किती बसणार तेही होतं. गिअरबॉक्सची जात मात्र कुणी विचारलेली नव्हती. सरकारी कागदाकडून हे जरा अनपेक्षितच.

लहानपणी असा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. फलटणला जाणाऱ्या वडापात पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चौघं बसत आणि गिअरचा दांडा सगळ्यांत लहान माणसाच्या गुडघ्यांमध्ये येई. ते माणूस बहुतेक वेळा मीच. ड्रायव्हर "पाय घे" म्हणाला की दुसरा गिअर, नुसतं हुंकारला की तिसरा. दांड्याची थरथर गुडघ्यातून कण्यात चढायची आणि चढावर इंजिन दमलंय ही बातमी कानांच्या आधी हाडांना लागायची. आजच्या गाडीत तो दांडा अंग चोरून, चामड्याच्या झग्यात बसलेला असतो; त्याला कुणाचा गुडघा लागत नाही आणि तोही कुणाला काही सांगत नाही.

शेवटी एका संध्याकाळी पुतण्याने अंगणात सगळ्यांना बसवून समजावलं. एका प्रकारात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एका बाजूची पाती ते घुसळतात आणि त्या ओघाने पलीकडची पाती फिरतात. १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून अमेरिका अशा तेलावर तरंगते आहे. दुसऱ्यात दात्यांच्या पायऱ्याच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांवरचा पट्टा, वेग वाढतो पण इंजिनाचा सूर एकाच पट्टीत राहतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्येच हे करून ठेवलं. तिसऱ्यात क्लच दोन, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. सप्ताहात पहारा बदलताना पहिल्याच्या गळ्यातली वीणा जमिनीला न टेकता दुसऱ्याच्या गळ्यात जाते ना, तसाच इथे ओढीत खंड पडत नाही. हे ऐकून आमच्या नानांनी मान डोलावली. त्यांना ही गाडी तिसऱ्या प्रकारची असावीशी वाटू लागली होती.

"आणि चौथा एएमटी," पुतण्या म्हणाला. "२०१४ च्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आला. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, आपल्या जुन्या जीपसारखा. क्लचसुद्धा असतो."

"क्लच आहे?" नाना सरसावून बसले. "मग दाबतंय कोण?"

पुतण्याने मोटार, हायड्रॉलिक, कॉम्प्युटर अशी नावं घेतली. नानांचं समाधान झालं नाही. आयुष्यभर ज्या डाव्या पायाने घाट चढवले, त्याची जागा कुणी घेतली, हे त्यांना माणसाच्या नावानिशी हवं होतं.

निकाल सालपे घाटात लागला, आणि तो आईने लावला. साताऱ्याला निघालो होतो. नाना चालवत होते, पुतण्या कान टवकारून बसला होता, मी डॅशबोर्डवरच्या आकड्यांवर डोळा ठेवून होतो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "ही गाडी दर थोड्या वेळाने मला नमस्कार करायला लावते." गिअर बदलताना क्लच सुटतो, क्षणभर ओढ थांबते आणि बसलेल्यांच्या माना पुढे झुकतात. पुतण्याने टाळी वाजवली: एएमटी! पार्किंगच्या 'पी'चा खटका नाही, हेही मग सगळ्यांना एकदम दिसलं. काही गाड्यांत मॉडेलच्या नावातच गिअरबॉक्सची खूण लिहिलेली असते. आमच्या गाडीच्या पाठीवरची अक्षरं आधीच्या मालकाच्या हौसेने कधीच निघून गेली होती.

मला वाटलं, सर्वांत साधा प्रकार निघाला म्हणून नाना हिरमुसतील. ते उलट खुलले. दांडा 'एम'कडे ओढून गिअर स्वतः टाकू लागले आणि प्रत्येक बदलाच्या वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलू लागले. आईचे नमस्कार जवळजवळ थांबले.

"आता बरी चालली," ती म्हणाली. "काय केलंत?"

"काही नाही. एकटाच दाबत होता बिचारा, जरा हात लावला."