यायची ती येईल

कादंबरी छापून येईपर्यंत लोक मला एकच प्रश्न विचारायचे : म्हसवडची गाडी कधी आहे? आता तीन विचारतात. म्हसवडची गाडी कधी आहे, लिहायला वेळ कधी मिळतो आणि प्रेरणा काय? पहिल्याचं उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही, पण निदान भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट तरी दाखवता येतं. प्रेरणेचं वेळापत्रक आगाराने लावलेलं नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. माणदेशातलं एक आगार, चौकशीची खिडकी, समोर माईक, डाव्या हाताला लॉगशीटचा गठ्ठा, उजव्या हाताला चहाचा ग्लास आणि माशा बसू नयेत म्हणून त्यावर सवलतीच्या पासाचा कोरा अर्ज. वय ५२. प्रकाशकांनी मलपृष्ठावर 'मराठी कादंबरीतला ताजा, तरुण आवाज' असं छापलंय. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, तो सव्वीस वर्षं फलाटांवर घुमतोय. 'तरुण' मात्र त्यांनी माझा फोटो पोचायच्या आधी लिहिलं होतं.

लेखक व्हायचं तर लेखकाच्या सवयी लावून घ्यायला हव्यात, या समजुतीने मी आधी थोरांच्या सवयी वाचून काढल्या. यात दहाएक वर्षं गेली. अँथनी ट्रोलप नावाचा एक इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. सरकारी नोकर म्हटल्यावर तो मला एकदम भावकीतलाच वाटला. हा गृहस्थ पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा. मी ड्यूटीवर मोजून पाहिलं. माझेही पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द सहज होतात, फक्त ते सगळे प्रवाशांशी बोलण्यात जातात. मग कळलं, की पहाटे कॉफी आणून उठवण्याबद्दल ट्रोलपने एका म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा लावले होते.

नोकराची सोय नसली तरी पहाटेची आहेच, म्हणून मी चारचा गजर लावला. गजर झाला. मी उठलो, दिवा लावला, वहीवर 'प्रकरण पहिलं' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली. आतून आवाज आला, "उठलाच हाय तर नळाकडं बघा, पानी आलंय." आमच्याकडे पाणी आठवड्यातून दोनदा येतं आणि तेही चोरासारखं. त्या दिवशी पहिलं प्रकरण दोन पिंपं, तीन हंडे आणि एक कळशी एवढं झालं. पुढे तर हिला सवयच लागली. माझ्या पहाटेच्या साहित्यसेवेने आमच्या आळीत सर्वांत जास्त पाणी आमच्याकडे साठू लागलं.

पहाटेचा नाद सोडला आणि सानेगुरुजींकडे वळलो. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. पाच दिवस! मी ताबडतोब पाच दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला आणि कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'कादंबरी' असं लिहिलं. साहेबांनी चष्मा वर केला, अर्ज दोनदा वाचला आणि काळजीने विचारलं, "कुठल्या दवाखान्यात दाखवताय?" रजा मंजूर झाली, पण वैद्यकीय दाखला जोडण्याच्या अटीवर. तुरुंगात मोठी सोय असते ती हीच, की तिथे गेलेल्या माणसाला रजेचा अर्ज करावा लागत नाही.

नेमाड्यांचं नाव काढण्यात तर अर्थच नव्हता. 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. त्या वयात मी वाहकाच्या भरतीच्या रांगेत उन्हात उभा होतो. त्यातल्या त्यात धीर दिला तो श्री. ना. पेंडशांनी. त्यांची पहिली कादंबरी 'एल्गार' १९४९ सालची, आणि नोकरी बेस्टमध्ये. ते बेस्टमध्ये, मी एसटीत. "एक शहरी वाहतूक, एक ग्रामीण, एवढाच काय तो फरक," मी हिला म्हणालो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आनि कादंबरीचा?"

खरी अडचण वेगळीच होती. माणदेशात बसून पहिली कादंबरी लिहायची म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या दारातून जाणं आलं. त्यांचीही पहिली कादंबरी 'बनगरवाडी'च, १९५५ सालची. धनगर, मेंढरं, दुष्काळ, तरुण मास्तर हे सगळं त्यांनी इतकं नेमकं उचलून नेलं आहे, की मागून येणाऱ्याला शिवारात हात लावायला जागा नाही. बरं, पानं तरी किती? आमच्या लॉगशीटचा गठ्ठा त्याहून जाड असतो. सगळीकडे हिंडून मी एकच गोष्ट शोधून काढली जी त्यांनी नेली नव्हती. ती म्हणजे स्टँड.

लिहायला कागदही स्टँडनेच पुरवला. वाहकांच्या हातात तिकिटाचं मशीन आलं आणि जुन्या छापील वे-बिलांचे गठ्ठे रद्दीत निघाले. एका बाजूला रकाने, मागची बाजू कोरी. मी ते रद्दीच्या भावाने रीतसर विकत घेतले, पावतीही आहे. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मी त्यांच्या पाठीवर लिहू लागलो. वाक्य मध्यावर आलं की खिडकीत डोकं यायचंच.

"म्हसवडची कधी हाय?"

"आत्ता गेली."

"मग म्होरची?"

"यायची ती येईल."

"तसं न्हवं, आली कवा म्हनायची?"

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून मी तो तसाच उतरवून घेतला. असं करता करता कादंबरीतले निम्मे संवाद खिडकीनेच लिहिले. परीक्षक ज्याला 'संवादांतील अस्सल तुटकपणा' म्हणाले तो माझा नव्हे, काचेला पाडलेलं भोक लहान आहे त्याचा आहे.

लिहिणं मात्र सलग कधीच झालं नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा, जादा गाड्या, महिनाभर नायक विहिरीच्या काठावर उभा. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, तेव्हा नायिकेने हंबरडा फोडायला तोंड उघडलं ते द्वादशीपर्यंत उघडंच.

याच काळात तो माईकचा प्रकार घडला. संध्याकाळची गर्दी, एका हातात लॉगशीट, दुसऱ्या हातात नुकताच लिहून झालेला कागद. मी बटण दाबलं आणि नेहमीच्या सुरात सुरू केलं, "साताऱ्याहून येणारी आणि पंढरपूरकडे जाणारी…" पुढचं वाचायला खाली पाहिलं तर हातात भलताच कागद. पण सव्वीस वर्षांची सवय, तोंड थांबेना. साऱ्या स्टँडला ऐकू गेलं, "…तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही." क्षणभर शांतता. मग एक आजोबा पिशवी सावरत तावातावाने खिडकीशी आले. "खरं बोललासा सायेब. आमी हात करतुया, हाका मारतुया, न्हाईच थांबली!" त्यांनी तक्रारवही मागितली. मी दिली. माझ्या लेखनावरचा पहिला छापील नव्हे तरी लेखी अभिप्राय तो.

माईकने माझ्या गद्याचंही वाटोळं केलं होतं, ते पुढे कळलं. संपादकबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "तुमचं प्रत्येक पात्र कुठूनतरी येणारं आणि कुठेतरी जाणारं का आहे? कोणी नुसतं बसलेलं का नाही?" मी म्हटलं, "ताई, बसायला बाकडीच चार आहेत." त्यांचा दुसरा आक्षेप असा, की नायक सारखा एसटीने का फिरतो, आजचा वाचक स्वतःच्या गाडीतून फिरतो. इथे मात्र मी हट्टाला पेटलो. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून गावोगावचे स्थळ पाहायचे कार्यक्रम, माहेरपणं, बाळंतपणं, कोर्टाच्या तारखा आणि पळून जाणं या सगळ्यांना एसटीच लागली आहे. कारमध्ये शेजारी कोण बसणार ते आधीच ठरलेलं असतं, तिथे कादंबरी कशी घडायची? बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, निदान एकदा रिक्षा करू द्या त्याला." केली. पान १३७.

आता प्रेरणा. ती सांगायला मी लाजतो, कारण ती एक फेटा आहे.

प्रवासी गाडीत काय विसरतील त्याला धरबंध नाही. छत्र्या, डबे, चपलेच्या जोडातला एकच पाय, कवळी. बारा वर्षांपूर्वी अकलूजच्या मुक्कामी गाडीत एक पत्र्याची ट्रंक सापडली. आत भगवा, जरीकाठी, बांधून तयार असलेला फेटा, वर पारदर्शक कागद आणि पन्नासेक लग्नपत्रिका. पत्रिकेवरची तारीख दुसऱ्या दिवशीची. आम्ही पत्रिकेवरच्या नंबरावर फोन लावला, तो लागेना. लग्नाचा दिवस गेला, आठवडा गेला, कोणी आलं नाही. पत्रिकांना उंदीर लागले, ट्रंक कुणीतरी हिशोबाच्या कागदांसाठी नेली, फेटा कपाटावर राहिला. नियमाप्रमाणे त्याची कधीच विल्हेवाट लागायला हवी होती. रोज ड्यूटीवर बसलो की तो वरून माझ्याकडे बघायचा. लग्न झालंच नसेल का? नवरा पळाला? नवरी? की वाटेत काही? त्या फेट्याखाली डोकं कुणाचं, याचा विचार करता करता २१४ पानं झाली.

वे-बिलांवरचं ते सगळं लेकीने टाइप केलं. तिला वेळ नसे तेव्हा मी मोबाइलसमोर बोलायचो, पण माझ्यातला नियंत्रक आडवा येई. मी "ती थांबली" म्हणालो की मागून भोंगा वाजायचा आणि मोबाइल 'ती थांबली पों' असं उतरवून घ्यायचा. त्याहून भारी गंमत पुण्यात झाली. आमचं लेखन युनिकोडमध्ये, छापखान्याचे फाँट जुने. एकातून दुसऱ्यात जाताना रफार आपलं घर सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. पहिल्या प्रुफात माझी नायिका गच्चीत उभी राहून 'सूयार्कडे' बघते. अशी चौदा वेळा बघते. लेक म्हणाली, "पप्पा, जपानी वाटतंय." शुद्धलेखनाचे नियम अठरा, मी ते सगळे पाठ केले होते, पण रफार असा गाडी बदलून भलत्याच डेपोत उतरला तर काय करायचं हे एकातही नाही. मी हातात लाल पेन घेऊन चौदाही सूर्य जागेवर आणले. माझ्या आख्ख्या लेखनजीवनात एवढं सलग काम मी दुसरं केलेलं नाही.

प्रती पाचशे निघाल्या. प्रकाशन समारंभाचं काही सांगण्यासारखं नाही, पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि भाषणात तसं म्हणण्याचा मोठेपणा दाखवला. खरं परीक्षण आमच्या विश्रांतिगृहात झालं. मुक्कामाच्या गाडीचे एक चालक, ज्यांनी आयुष्यात रस्त्यावरचे फलक सोडून काही वाचलं नव्हतं, त्यांनी तीन रात्रींत पुस्तक संपवलं आणि सकाळी चावी घेताना म्हणाले, "वळणं लई हायती. पर शेवटचा घाट गिअरमधी उतरवलाय तुमी. ब्रेक तापला न्हाई." यापुढे कुठल्याही समीक्षकाची मला भीती वाटत नाही.

आणि गेल्या महिन्यात दुपारी खिडकीत एक डोकं आलं. साठीचा माणूस, पांढरी टोपी, हातात माझं पुस्तक. सही मागणार म्हणून मी पेन काढलं. तो म्हणाला, "ती ट्रंक आमची."

लग्न झालं होतं. वेळेवर, धुमधडाक्यात. ट्रंक गाडीत राहिल्याचं मांडवात लक्षात आलं, मग तालुक्याहून दुसरा फेटा आणला. पत्रिकेवर छापलेला फोन नंबरच चुकला होता. हा नवरदेवाचा मामा. भाचा आता हडपसरला असतो, दोन पोरं आहेत, थोरला पाचवीत. पळालं कोणी नाही, मेलं कोणी नाही, विहिरीच्या काठाला तर कोणी फिरकलंही नाही. मला एकाएकी २१४ पानं जड वाटू लागली.

"मग इतकी वर्षं न्यायला का नाही आलात?"

"म्हसवडची गाडी मिळंना," मामा म्हणाले, आणि हसायला लागले.

कपाटावरून फेटा काढला, धूळ झटकली, नोंदवहीत सही घेतली. जाता जाता ते म्हणाले, "पुस्तक झ्याक हाय. पर मामाला एकबी ओळ न्हाई त्यात." दुसरी कादंबरी कशावर, असं विचारणाऱ्यांना उत्तर तिथेच मिळालं.

पहिलीच्या एकशे ऐंशी प्रती अजून घरी आहेत, पाण्याच्या पिंपांवर फळी टाकून रचल्यात. वीसेक मी ड्यूटीवर सोबत ठेवतो. हवी असेल त्यांनी चौकशीच्या खिडकीशी यावं. माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा, मंगळवारी सुट्टी. सुट्टे पैसे आणावेत.