यादी लागली का?

दहावीचा निकाल मुलाचा असतो. अकरावीची यादी मात्र अख्ख्या घराची. यादीच्या दिवशी मुलगा पालथा झोपलेला, आणि बाबा ऑफिसला निघायचं सोडून अर्ज क्रमांक पुन्हा पुन्हा टाकताहेत. साइट उघडत नाही. आजी देवापाशी आणि आई कॉलनीतल्या ग्रुपवर, दोघी आपापल्या परीनं प्रयत्नात.

पूर्वी यादी कॉलेजच्या फलकावर लागायची. आधी टाचा उंचावायच्या, मग कुणाच्या तरी काखेखालून मान घालायची. टाइप केलेल्या कागदावर जोशी डझनभर. त्यातला आपला कुठला, ते टक्क्यांवरून ओळखायचं. नाव नसलंच, तर नाव नसलेले आणखी पाचपन्नास जण शेजारी उभे असत. सगळे मिळून समोरच्या हॉटेलात कटिंग मागवत आणि बोर्डाचाच निकाल लावून घरी जात. 2009 साली मुंबईतले प्रवेश ऑनलाइन झाले, 2025 पासून राज्यभरातले. भर पावसात या कॉलेजातून त्या कॉलेजात फॉर्म भरत फिरणं संपलं, हे उत्तमच झालं. पण आता नकार घरबसल्या येतो, आणि तो पचवायला सोबत कुणी नसतं.

अर्जात जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीनं लावायची. पहिल्या पसंतीचं मिळालं तर प्रवेश घ्यायलाच हवा, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. बाकीच्या नवांपैकी एखादं मिळालं तर थांबायची मुभा. खरी गंमत या मुभेत आहे. पहिलं नाव आईच्या हट्टाचं, दुसरं बाबांच्या जुन्या कॉलेजचं, तिसरं मित्र टाकतोय म्हणून, आणि दहावं ‘असू दे, जागा आहे तर’. मिळतं नेमकं चौथं, जे का टाकलं ते कुणालाच आठवत नाही. मग डोंबिवलीचा मामा फोनवर येतो. ‘घेऊ नका. दुसऱ्या यादीत कटऑफ उतरतो. गेल्या वर्षी पॉइंट चारनं उतरला होता.’ मामांची स्वतःची बारावी दोन खेपांत झाली, पण दशांश चिन्हानंतरचं त्यांना सगळं कळतं.

तेवढ्या दशांशावर घर टांगलेलं राहतं त्याला कारणही आहे. सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरायचे, त्यात खेळाचे, कलांचे गुण मिळवायचे. 2025 साली 211 जणांना चक्क 100 टक्के मिळाले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागाचे. अशा वर्षी 93 टक्केवाला पेढे जरा दबक्या आवाजातच वाटतो.

यादीची तारीख हा आणखी एक प्रकार. 2020 साली मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि दुसरी यादी ऐन उंबऱ्यावर अडली. पुढे सरकेपर्यंत दिवाळी उलटली. 2025 मध्ये पहिली यादी लागेतो जून संपत आला. या काळात मुलाला काही सांगायची सोय नसते. ‘अभ्यासाला बस’ म्हणावं तर विचारतो, ‘कसला?’

एवढं करून यादीत नाव येतं. आणि सायन्सवाला मुलगा क्लासला जायला लागतो. सकाळी सात ते दुपारी दोन क्लास, मग ‘डाउट सेशन’. कॉलेजात तो आयकार्डाचा फोटो काढायला जातो, आणि मग एकदम जर्नलवर सह्या घ्यायला. तिथली लायब्ररी कुठल्या मजल्यावर आहे ते त्याला विचारू नये.

बाबांचं तसं नाही. कॉलेजजवळच्या स्टेशनात लोकल थांबली की ते खिडकीतून बोट दाखवत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतात, ‘आमचा इथंच आहे. पहिल्याच यादीत लागलं.’ शेजारचा विचारतो, ‘किती टक्क्यांना बंद झाली हो?’ पुढची तीन स्टेशनं मग आकड्यांत जातात. त्याची मुलगी यंदा नववीत आहे.