बासशुद्धी

फेंडर कंपनीने 1952 साली बासमन हा अ‍ॅम्प्लिफायर खास बास गिटारसाठी बाजारात आणला. त्यात बास फार आहे, हा गंभीर दोष गिटारवाल्यांनी अखेर हुडकून काढला, त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच. 1959च्या मॉडेलवर बास कमी करायचे बटण वरच्या बाजूलाच आहे. पण ते फुकट फिरते, तेव्हा सुज्ञाने त्यावर विसंबू नये. शास्त्रशुद्ध मार्ग एकच: जेन्सन कंपनीचे दहा इंची चारही स्पीकर उपटायचे आणि वरच्या हर्ट्झला घुमणारे, ताठ पडद्याचे चार विकत आणायचे. बास गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झला थरथरते, साध्या गिटारची 82ला. म्हणजे तळमजला पाडला तरी गिटारवाला बेघर होत नाही. उपटलेले स्पीकर मात्र फडताळात जपावेत. विकताना ‘अस्सल’ म्हणून भाव त्यांनाच येतो, वाजत नसल्यामुळे ते टिकतातही. याच न्यायाने पुढे ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि ट्वीडचे खोकेही बदलावे. नावाची पट्टी तेवढी जुनी ठेवावी.

एका साधकाने हे सारे यथासांग पार पाडले. आवाज आता निर्मळ आहे. सध्या तो बास वाढवणारे पेडल शोधतो आहे.