उलाळ गाडी, बर्फाळ घाट

हिवाळ्यात मनालीहून सिस्सूकडे निघालेल्या मराठी पर्यटकांच्या गाडीचे दोन भाग असतात: माणसे बसतात तो आणि डिकी. गाडी बर्फावर कशी वागते, हे समजून घ्यायचे तर डिकी आधी उघडावी लागते. पुण्याहून सुमारे दोन हजार किलोमीटर आलेल्या या डिकीत बॅगा असतात, चिवड्याचा पत्र्याचा डबा असतो, लाडवांचा त्याहून मोठा असतो आणि ‘तिकडचं पाणी बाधतं’ म्हणून भरून घेतलेले पाण्याचे दोन जारही असतात. वाटेत कुल्लूला शाली आणि जॅमच्या बाटल्यांची भर पडते. शाली निरुपद्रवी. एकूण ऐवज मात्र सहज शंभर किलोंच्या घरात जातो.

हे शंभर किलो मागच्या आसाच्याही मीटरभर मागे असले आणि दोन आसांमध्ये पावणेतीन मीटर अंतर असले, तर मागच्या चाकांवर सुमारे १३६ किलो पडतात. वरचे ३६ किलो पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. बैलगाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उठते, तोच हा प्रकार. बैल निदान थांबून तक्रार नोंदवतो.

छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद बहुधा पुढच्या चाकांना मिळते. वळवायचे काम तर त्यांचेच. सोलंगहून धुंदीच्या चढाला लागल्यावर चढामुळे भार आणखी मागे सरकतो आणि ही चाके जागच्या जागी फिरू लागतात. ‘अरे, जरा रेस दे की!’ हा मागच्या सीटवरचा सल्ला इथे हमखास येतो. फिरणाऱ्या चाकाखाली बर्फ किंचित वितळतो, पुन्हा गोठतो आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतो. सल्ला देणाऱ्यांनी खाली उतरून धक्का दिला, तर उपयोग जास्त.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हाच भार सुरुवातीला फळतो. अमेरिका-कॅनडात पिकअपवाले हिवाळ्यात मागे मुद्दाम वाळूची पोती टाकतात. पण ती आसाच्या वर ठेवतात, शेपटीशी नव्हे. गाडी रुतलीच, तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते. चिवड्याची या कामी शिफारस करता येत नाही.

अटल बोगद्यात ९.०२ किलोमीटर छप्पर असते, त्यामुळे चालकाचा धीर वाढतो. लाहौलच्या बाजूने बाहेर पडताच रस्त्यावर बर्फ आणि पुढे वळण असू शकते. भार वाढतो तशी टायरची पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणात नाही. त्यामुळे वळणावर जड शेपूट आधी बाहेर फेकले जाते आणि एकदा झोल घेतला की लवकर आवरत नाही. शेपूट ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवायचे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढायचा, हा त्यावरचा उपाय. प्रत्यक्षात पाय ब्रेकवर जातो, स्टिअरिंग भलतीकडे आणि गाडी मनालीकडे तोंड करून उभी राहते.

खरी परीक्षा परतीच्या उतारावर. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सपाट, कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून नऊ-दहा मीटरांत थांबते. गुळगुळीत बर्फावर साठ मीटरही पुरत नाहीत आणि उतार असला तर हिशेब मांडण्यात अर्थच नाही. हिमवर्षाव झाला की पोलीस बऱ्याचदा फोर-बाय-फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. त्या चढतात उत्तम. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, हे त्यांचे मालक सोयीस्करपणे विसरतात.

टपावरच्या कॅरियरवर सामान चढवणे हा उपाय नव्हे. त्याने गाडी वळणावर आणखी कलते. जे न्यायलाच हवे ते खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून आणि दोरीने बांधून ठेवावे. सुटा जार अचानक ब्रेक लागल्यावर थेट पुढे येतो. साखळ्या इंजिनाची ताकद मिळते त्या चाकांना लावाव्यात. उरलेले सामान दिवसभरासाठी मनालीच्या हॉटेलात ठेवून जावे, लाडवांसकट.