तत्त्वतः ठरलंय

नानांचं अलास्काला जाणं तत्त्वतः ठरलेलं आहे. फक्त तारीख राहिली आहे. स्टुटगार्टच्या आमच्या मराठी कंपूत नवा माणूस आला, की पहिल्या चहालाच त्याला हे कळतं. भिशीची रक्कम, गणपतीची वर्गणी वगैरे किरकोळ बाबी नंतर. "मूस," नाना म्हणतात. "धनुष्यबाणाने." आणि समोरच्याचा चेहरा बघत बिस्किट बुडवतात.

नाना पेशाने गिअरबॉक्सचे इंजिनिअर, मूळचे साताऱ्याचे. मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीचं वेड त्यांच्यात कुठून शिरलं, ते वहिनींनाही सांगता येत नाही. घरात आलेली गांधीलमाशी पेला आणि पोस्टकार्ड वापरून, तिची माफी मागत, बाहेर सोडणारा हा माणूस. पण नानांचा युक्तिवाद पक्का आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आणली. जर्मनीत परवानाधारकाला बंदूक चालते, पण हरणांवर आणि रानडुकरांवर बाण सोडायला मनाई. "मग उरलं काय? अलास्का!" मध्ये कॅनडा लागतो, असं कोणी म्हणालं की नाना चहा संपवून उठतात.

अलास्काच्या शिकारखात्याची नियमपुस्तिका नाना दरवर्षी छापून घेतात आणि स्पायरल बाइंडिंग करून आणतात. तिचं वाचन ते जेवणानंतर करतात, मोठ्याने. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यांच्या नागरिकांना तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा एवढ्यांसाठीच परवानाधारक गाईड लागतो. तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाला मात्र सगळ्याच मोठ्या शिकारीसाठी. या कलमाचा नानांना अभिमान आहे. "आपल्याला सक्तीचा आहे," असं ते म्हणतात, तेव्हा सरकारने खास त्यांच्यासाठी माणूस नेमल्यासारखं वाटतं.

मूसला धनुष्याची ओढ किमान ५० पौंड हवी, बाण २० इंचांपेक्षा आखूड नको, पात्यासकट त्याचं वजन ३०० ग्रेनच्या खाली नको. ३०० ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमला किंचित कमी. वहिनींचा केकचा वजनकाटा कधी १९ दाखवतो, कधी २०. त्या अर्ध्या ग्रॅमवर नानांची अख्खी दिवाळी गेली. शेवटी जड बाण आले आणि काट्यावरचं पीठ पुसलं गेलं.

त्यांचं सगळ्यात लाडकं कलम विमानाचं. छोट्या विमानाने तळ्यावर उतरलात, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत मूसच्या वाटेला जायचं नाही. "तीन म्हणजे तीन," नाना बजावतात. "दोन एकोणसाठला तो तंबूच्या दारात आला, तरी मी नमस्कार करून बसून राहीन." हे ते अशा आवाजात सांगतात, की मूसनेही घड्याळ लावलेलं असावं.

मग शिंगांचा नियम. बाहेरून येणाऱ्याला बऱ्याच भागांत मूस नर असून भागत नाही; शिंगांचा पसारा ५० इंच तरी हवा, नाहीतर कपाळाजवळच्या फाट्यांची ठरलेली संख्या. हे सगळं लांबून, तो टेप लावून देत नसताना, ओळखायचं. सरावासाठी नाना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टोकाला उभे राहून ५० इंची टीव्हींकडे डोळे बारीक करून बघत. एक दिवस त्यांना कळलं, की टीव्हीचे इंच तिरके मोजतात आणि रुंदी जेमतेम ४४ भरते. त्या संध्याकाळी ते फार अस्वस्थ होते. "सहा इंचांनी माणूस तुरुंगात गेला असता, अरे!"

वास हा स्वतंत्र अध्याय. मूसचं नाक तिखट, त्यामुळे शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन तळघरात, बंद डब्यात. का, तर वर हिंगाची फोडणी. मोहरी तडतडली की नाना आधी तळघराचं दार बघून येतात. वाऱ्याची दिशा बघायला खिशात पावडरची छोटी बाटली असते. बसस्टॉपवर तिची फुस्स करतात आणि गंभीरपणे म्हणतात, "पश्चिमेचा आहे." बस पूर्वेकडून येते.

सप्टेंबरच्या अखेरीस मूस माजावर येतात, तेव्हा मादीचा लांब, रडका हंबरडा काढून नराला बोलावतात. नाना तो न्हाणीघरात काढतात. तिथे घुमतो चांगला. जर्मनीत रविवारी शांतता पाळायची असते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एका रविवारी दारात चिठ्ठी ठेवली: घरात कुणी आजारी असेल, तर त्या डॉक्टरांना फोन करायला तयार आहेत. नानांनी ती चिठ्ठी प्रशस्तिपत्र म्हणून फाइलला लावली.

एक प्रश्न मात्र आम्ही हळूच विचारतो. कायद्याने खाण्याजोगं सगळं मांस जंगलातून बाहेर आणावं लागतं, आणि शिंगं मांसाच्या आधी हलवायची नाहीत. मोठ्या मूसचं मांस सव्वादोनशे किलोच्या घरात जातं. नाना सोमवार आणि चतुर्थी पाळतात, एरवी रविवारी एक अंडं, तेही बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीवर. "वाटून टाकायचं," ते शांतपणे म्हणतात. "त्याचाही फॉर्म आहे. भरून ठेवलाय. घेणाऱ्याचं नाव तेवढं कोरं आहे."

गाईडला पाठवलेल्या त्यांच्या पत्रात प्रश्नांची यादी पानभर होती: तंबूत भात मिळेल का, गरम पाणी किती, अस्वलाचा स्प्रे विमानात नेता येत नाही तर तिथे उतरल्यावर कुठे घ्यायचा. उत्तर एका ओळीचं आलं: कुठल्या वर्षी येताय? "उद्धट माणूस," नाना म्हणाले आणि नव्या गाईडचा शोध सुरू झाला. अशा मोहिमेला वीस हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो, याबद्दल नाना एक शब्द काढत नाहीत. वहिनी काढतात.

नेमबाजीची थट्टा मात्र करता येणार नाही. क्लबात १८ मीटरवरून ते सलग तीन बाण पत्त्याएवढ्या जागेत बसवतात आणि फोमच्या हरणातून ते हलक्या हाताने, त्याला दुखणार नाही अशा बेताने, उपटतात.

आणि त्या तळघराचं काय सांगावं! मेरिनो लोकरीचे थर, पिसांची जाकिटं, आतून-बाहेरून घालायचे मोजे. जानेवारीत पुण्या-नाशिकहून पातळ स्वेटर घालून उतरलेलं प्रत्येक पोरगं नाना तिथे नेतात. कापूस अंगाला लावायचा नाही, घाम आला की तो थंडीला आत घेतो. आधी लोकर, मग हवा धरणारा थर, वर वारा अडवणारा. जाताना पोरगं फुगलेलं असतं आणि नानांचा एक डबा रिकामा असतो. परत मागायला ते विसरतात. या मोहिमेत आजवर एकही जनावर पडलेलं नाही, पण आमच्या गावातला एकही मराठी विद्यार्थी कुडकुडलेला नाही. माझ्या मते मोहीम यशस्वी आहे.

तुमच्याही ओळखीत असे एखादे नाना असतील. कुणाचं कैलास-मानसरोवर असेल, कुणाची लडाखची मोटरसायकल. त्यांना "कधी निघताय?" असं विचारू नका. मोजे कुठले घ्यावेत, ते विचारा. मात्र हाताशी दोन तास असतील तरच.