फ्रिजशेजारची फरशी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमची बेल वाजते आणि एक गृहस्थ आत येऊन एकेक जिन्नस अंगावरून उतरवू लागतात. आधी घड्याळ, मग पट्टा, खिशातल्या किल्ल्या, सुट्टे पैसे, चष्मा. शेवटी स्वेटर. एकदा तर हात जानव्याला बांधलेल्या किल्लीपर्यंत गेला होता. "हिचं किती भरत असेल रे?" तेवढ्यात ही चहा घेऊन बाहेर आली म्हणून थांबले.

हे आमचे अप्पा. वरच्या मजल्यावर राहतात, वय त्रेपन्न, बँकेत अधिकारी, आणि दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारपासून डाएटवर. तिसऱ्या अशासाठी, की पहिल्या सोमवारी फराळ संपायचा होता आणि दुसऱ्या आठवड्यात तुळशीचं लग्न आडवं आलं. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असा एक अप्पा असतोच. काही ठिकाणी दोन असतात, मग ते एकमेकांच्या ताटात बघतात.

निमित्त झालं ते बँकेतल्या वार्षिक तपासणीचं. डॉक्टरांनी पोटाभोवती टेप गुंडाळली, १०४ सेंटीमीटर भरलं. आपल्याकडच्या पुरुषांनी ९०च्या आत राहावं असं वैद्यकशास्त्र म्हणतं. अप्पा म्हणाले, "डॉक्टर, शर्ट आत खोचलेला आहे." चौदा सेंटीमीटर जाडीचा शर्ट डॉक्टरांनी तोवर पाहिला नसावा.

डाएटच्या आदल्या रात्री अप्पा तीन डबे घेऊन खाली आले. एकात चकल्या, एकात शंकरपाळे, तिसऱ्यात अनारसे. "घरात राहिलं की हात जातो," म्हणाले. आमच्या घरात राहिलं की कोणाचा हात जाईल, हा प्रश्न त्यांनी काढला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही काढला नाही. वहिनींच्या हातच्या चकल्या. मी थोडाच डाएटवर होतो?

डब्यांच्या रिकाम्या जागी वर नवा माल आला. ओट्स आले, चिया आलं, क्विनोआ आला. बूट आले, पावलं मोजणारं घड्याळ आलं, तासातासाला किती प्यायचं याच्या रेघा मारलेली पाण्याची बाटली आली. क्विनोआ शिजवून वहिनींनी चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर राजगिऱ्याचा भाऊबंद दिसतोय. एकादशीला तो घशाखाली उतरत नाही तुमच्या, हा उतरणार का?" वहिनींनी वनस्पतिशास्त्र शिकलेलं नाही, पण दोघांचं कूळ खरोखरच एक आहे.

मग आहाराची पद्धत ठरवायची वेळ आली. या बाबतीत टेकडीवर सकाळी फिरणाऱ्या पुणेकरांत दोन घराणी आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं: डॉ. श्रीकांत जिचकारांपासून चालत आलेलं, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. दुसरं ऋजुता दिवेकरांचं: घरचं खा, तूप-भाताला घाबरू नका, थोडं थोडं खात राहा. दोन्ही घराण्यांचे लोक तळजाईच्या चढावर एकमेकांना ओळख दाखवतात, पण बाकावर वेगळे बसतात. अप्पांनी कोणाचंच मन दुखावलं नाही. दीक्षितांचं घड्याळ घेतलं आणि दिवेकरांचं तूप.

आणि पंचावन्न मिनिटं ही मर्यादा आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या मते तो हक्क होता. मी एकदा रात्री पावती द्यायला वर गेलो तेव्हा ताटाशेजारी मोबाइलवर टायमर लावलेला. पोळी-भाजी झाली, आमटी-भात झाला, ताट पुसून स्वच्छ. मी म्हटलं, "झालं वाटतं जेवण?" त्यांनी टायमरकडे पाहिलं. "छे, अजून नऊ मिनिटं आहेत. अगं, दहीभात येऊ दे. आणि ते लोणचं." उभ्या आयुष्यात जो माणूस वीस मिनिटांत जेवून उठायचा, त्याला आता शेवटची दहा मिनिटं भरून काढताना घाम फुटत होता.

व्यायामाचा भाग म्हणजे चालणं. रोज दहा हजार पावलं, एक कमी नाही. मी आपला भोळेपणाने सांगायला गेलो की हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मोजमाप' असा होता. अप्पा म्हणाले, "मग? जपानी माणूस जाडा पाहिलायस कधी?" सुमो पहिलवानाचं नाव ओठावर आलं होतं, पण वयाने मोठे आहेत.

रात्री साडेअकराला आमच्या छतावर धप्‌ धप्‌ ऐकू आलं की समजावं, नऊ हजार चारशे झालीत. शेवटची सहाशे दिवाणखान्यात निघतात. पुढे त्यांना असाही शोध लागला की पाय हलवायची सक्ती नाही, मनगट हललं तरी घड्याळ मानतं. दत्तजयंतीच्या आरतीत अप्पा अशा काही तन्मयतेने टाळ्या वाजवत होते, की गुरुजींनी दोनदा वळून पाहिलं. कर्पूरारती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, तरी टाळ्या थांबेनात. प्रसादाच्या रांगेत त्यांनी मला हळूच मनगट दाखवलं. पेढा मात्र नाकारला. म्हणजे माझ्या हातावर ठेवला.

हिशेब तसा क्रूर आहे. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. अप्पांच्या वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला की जेमतेम सत्तर जळतात. म्हणजे पुण्याहून साताऱ्यापर्यंत पायी जावं, तेव्हा कुठे एक किलो. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे साताऱ्याला पोचल्यावर कंदी पेढे चालतील."

पहिल्या आठवड्यात काटा ९१.४वरून ८९.२वर आला. त्यातलं बरंचसं पाणी असतं. भात-पोळी कमी झाली की शरीर साठवलेलं ग्लायकोजेन खर्चायला काढतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला धरून असलेलं तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. पण हे ऐकायला अप्पा थांबतात कुठे! आठव्या दिवशी ते उपदेशक झाले. लिफ्टमध्ये भेटले की माझ्या पिशवीत डोकावायचे. "पाव? मैदा आहे तो, मैदा." जिन्यात, वाण्याकडे, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, कुठेही. एवढा अधिकार काही माणसांना पीएचडीनंतरही येत नाही.

मार्गशीर्षात लग्नं निघाली. पंगतीत जिलबी वाढणारा आला की अप्पा ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि शेजारच्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगायचे, "नको! बंद आहे!" मुलीचे वडील आले, "एका जिलबीने काय होतंय?" नको. मुलीचे काका आले. नको. मामा आले तेव्हा मात्र हात जरा सैल झालेले मी पाहिले. जो खातो त्याला दोन जिलब्या वाढून लोक पुढे जातात. जो नाही म्हणतो त्याच्याभोवती अर्धं वऱ्हाड जमतं. इतका आग्रह अप्पांना त्यांच्या स्वतःच्या लग्नातही झाला नसेल. शेवटी व्याह्यांच्या शब्दाखातर चार घेतल्या.

तिसऱ्या आठवड्यात काटा अडला. अप्पांच्या घरी काटा नाही असं नाही, पण तो सातशे ग्रॅम जास्त दाखवतो, म्हणून आमचा. आता आमचाही ऐकेना. मग संशोधन सुरू झालं. काटा दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून देवघरासमोर असा फिरला आणि अखेर स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या फरशीवर चारशे ग्रॅम कमी भरले. ती फरशी एका कोपऱ्याला बसलेली आहे. नळवाल्याने ठोकाठोक केली तेव्हापासून. अप्पांनी तिच्याभोवती खडूने चौकट आखली. ही पुसते, ते पुन्हा आखतात.

एवढं सगळं असूनही, किंवा या सगळ्यामुळेच असेल, परवाच्या तपासणीत पोट १०० सेंटीमीटर भरलं. डॉक्टर खूश. दिवाणखान्यातल्या सरळ फरशीवर मी त्यांना मुद्दाम उभं केलं, ८७.६. प्रामाणिक आकडा आहे, मान्य करायला हवं.

त्याच सकाळी ते वर गेल्यावर मी काट्यावर चढलो. ७४ किलो. दिवाळीत ७१ होतो. फ्रिजशेजारी जाऊन पाहिलं, ७३.६.

काल संध्याकाळी वरून गुळाच्या पोळ्यांचा डबा आला, सोबत तुपाची वाटी. "घरात राहिलं की..." वगैरे. पोळ्या अकरा आहेत. जवळपास कोणी राहत असेल तर उद्या सकाळी सहाच्या आत येऊन निम्म्या घेऊन जाव्यात. वजन करायचं असेल तर काटा आहे. फरशी कुठली ते आम्ही दाखवू.